गोंदणाखालची नाडी

“काकू, हात थंड पडलाय का तुमचा?”

भाग्येशनं पट्टा सोडला, पुसला, पुन्हा बांधला. पट्ट्याच्या इवल्याशा काचेवर नाडीचा आकडा यायला हवा होता. येत होत्या त्या नुसत्या आडव्या रेघा.

“थंडा?” कमलबाई म्हणाली. “मे महिनामा? हात लाई दख रे भो. तवा शे तवा. भाकर टाक, फुगी जाई.”

मागे रांगेत उभी असलेली पोरं खिदळली. भाग्येश नाही हसला. त्याच्यापुढं अजून बरीच मनगटं बाकी होती आणि शर्ट पाठीला चिकटला होता. पोरगा शहाद्याचाच, पण पुण्यात शिकून तिथंच एका कंपनीत लागलेला. कंपनीनं हे पट्टे वापरून बघायला म्हणून दिले होते आणि पट्ट्यांबरोबर ह्याला धाडलं होतं.

एक मे. शहादा रस्त्यावरच्या कापसाच्या एका बंद जिनिंगपुढं कमान उभारलेली. इथून निघायचं ते थेट कमलबाईच्या प्रकाशा गावापर्यंत, तापीच्या पुलाच्या तोंडाशी. दरवर्षीची शर्यत. सुटायची वेळ सकाळी सहाची, पण आठ वाजून गेले तरी झेंडा दाखवणाऱ्या साहेबांचा पत्ता नव्हता. निघाले, निघाले, असा फोन मात्र सारखा येत होता.

यंदा नवीन होतं ते हे पट्टे. पट्टा नाडी मोजतो, कातडीची धग मोजतो आणि माणूस आतून किती तापलाय त्याचा अंदाज काढतो. हिरवा दिवा म्हणजे पळ. पिवळा म्हणजे सावकाश. लाल लागला, पट्टा थरथरायला लागला, की गुमान सावलीत बसायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि हिरवा झाल्याशिवाय उठायचं नाही. लाल असताना पळाला तो बाद.

भाग्येशनं डावा हात सोडून उजवा धरला. तिथंही रेघा. मग त्यानं तिचं मनगट उलटंपालटं करून नीट पाहिलं.

“हे काय आहे काकू?”

“गोंदेल शे. काबर?”

दोन्ही मनगटांभोवती तीन बोटं रुंदीचं गर्द गोंदण होतं, बांगडीसारखं गोल फिरवलेलं. कमलबाई फ्रॉकात होती तेव्हा सारंगखेड्याच्या जत्रेत तिच्या मायनं ते करून घेतलं होतं. घोडे बघायला म्हणून गेलेली पोर रडत परत आली होती. माय म्हणाली होती, काचनी बांगडी फुटस, हाई फुटाव नही. त्याच्या वर कोपरापर्यंत तुळस, मोर, विंचू, भावाचं नाव, आणि जिथं जागा उरली तिथं ठिपके.

“ह्या पट्ट्याच्या पोटात बारीक हिरवा उजेड असतो,” भाग्येश म्हणाला. “तो कातडीतून आत जातो, रक्त कसं वाहतंय ते बघून माघारी येतो. तुमची शाई त्याला आत जाऊच देत नाही. सगळा उजेड पिऊन टाकते.”

“मंग?”

“मग... आकडा नाही.” त्यानं कपाळ पुसलं. “आम्ही कितीतरी लोकांवर तपासून पाहिलंय हे. पण असं मनगटभर गोंदलेलं त्यात कोणी...”

“कोनी नही व्हतं?”

“नव्हतं.”

“म्हंजे तुन्ही कंपनीले आम्हनासारखी एक बी बाई भेटनी नही. इतलंच ना?”

तेवढ्यात हेमराज आप्पा लगबगीनं आले. शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, केळीचे मोठे बागायतदार, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. माणूस मनानं वाईट नाही, पण कायम घाईत.

“काय अडकनं इथं?”

“आप्पा, ह्यांच्या हातावर पट्टा चालत नाही.”

आप्पांनी एकदा पट्ट्याकडं पाहिलं, एकदा कमलबाईकडं, आणि मांडीवर थाप मारून हसले. “दखा रे भो! वरीसभर मन्हं डोकं खादं हाई बाईनी. पट्टा आना, पट्टा आना. आनात पट्टा, ते इन्हाच हातले लागत नही!”

पोरं पुन्हा हसली. ह्या वेळी कमलबाई हसली नाही.

खरंच तिनं वर्षभर आप्पांचं डोकं खाल्लं होतं. भूपेशपायी.

भूपेश तिच्या गल्लीतला, दगूबाईचा एकुलता एक. पोलीस भरतीसाठी पळायचा. कमलबाईची रंजिता पण भरतीसाठीच पळायची, आणि पोरीला पहाटे रस्त्यावर एकटीला कसं सोडायचं म्हणून कमलबाई तिच्या मागं. आधी चालत. मग झपाझप. मग पदर खोचून. मग एक दिवस पोरीच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये. शाळेत खिचडी शिजवणारी बाई ट्रॅकपँट घालून पळते म्हटल्यावर गावाची करमणूकच झाली. पारावरून हाका यायच्या, “खिचडी करपनी का वं काकू?” भूपेश पळता पळता मागं वळून त्यांना शिव्या द्यायचा.

रंजिता भरती झाली, नाशिकला गेली. कमलबाईचं पळणं काही थांबलं नाही. “आते कोनाकरता पयस तू?” असं नवऱ्यानं, छगननं, एकदा विचारलं, तर म्हणाली, “पाय मांगतस.”

गेल्या वर्षी ह्याच शर्यतीला साहेबांचा असाच उशीर, असंच ऊन. शेवटच्या वळणावर भूपेशचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले. प्यायल्यासारखा झुलत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अख्खं गाव उभं. टाळ्या, शिट्ट्या. पय भूप्या, पय! गावाला वाटलं पोरगा जीव तोडून पळतोय. फीत छातीवर घेऊन तो पडला आणि नंदुरबारच्या दवाखान्यात पोचायच्या आतच गेला. कमलबाई मागून आली तेव्हा तिथं रस्त्यावर त्याचा एक बूट तेवढा होता.

दिवस-कार्य झाल्यावर ती आप्पांच्या बंगल्यावर गेली. दोन गोष्टी मागितल्या. शर्यत वेळेवर सोडा, आणि पोरं तापली की कळंल असं काहीतरी आणा. हाकलली तरी पुन्हा गेली. पुन्हा हाकलली, पुन्हा गेली. शेवटी आप्पांनी कुठून कुठून ओळख काढून पट्टे आणले. वेळेवर सोडायचं तेवढं राहून गेलं.

आणि यंदा आणखी एक होतं. पहिली येणारी बाई नाशिकच्या मोठ्या शर्यतीला जाणार होती. नाशिकला रंजिता. आणि रंजितानं आईला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. ती कायम पुढं, आई कायम मागं.

“असं कर,” आप्पा घड्याळ बघत म्हणाले, “तू बिगर पट्टानी पय. एक सही दी दे, काही व्हयनं ते मन्ही जबाबदारी म्हनीसन. मोकळी.”

“नही.”

“काय नही?”

“बिगर पट्टानी मी पयाव नही.”

“मंग नको पयू! तथा सावलीमा बठ, सरबत पी.”

“ते बी नही.”

“मंग करशी तरी काय तू?”

कमलबाई चालत कमानीखाली गेली आणि रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसली. डांबर चटकत होतं. तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

“मले पट्टा बांधा. मंग उठसू.”

रांग मोडली, सगळे गोळा झाले. शहाद्याच्या एका अकॅडमीतली चेतना पुढं आली. चेतना म्हणजे ह्या शर्यतीतली सगळ्यात जोरकस पोर, पायांत रंगीत बूट, केसांची घट्ट वेणी. “काकू, उठा ना. आम्हनं अंग थंड पडी ऱ्हायनं. तुम्हनं काय वय शे का आते नंबर काढानं?”

“वय शे का नही ते पूलवर दखसुत,” कमलबाई म्हणाली. “तुन्हा पट्टा लागना ना? मंग तू गप बठ.”

आणि नेमका तेव्हाच लांबून सायरन ऐकू आला. आप्पांचा चेहरा उतरला. साहेबांची गाडी, पुढं एक, मागं दोन. येणार ती ह्याच कमानीतून.

“ए माय, ऊठ ना वं! साहेब उनात!”

“येऊ द्या. मी वरीसभर थांबनू. साहेब बी थांबतीन थोडा.”

“ऊन चढी ऱ्हायनं, येडी!”

“हाई मले सांगतस आप्पा?” कमलबाईनं मान वर केली. “सहाले सुटनी असती ना रेस, ते आतेपावत मी घर जाईसन भाकरी टाकी व्हती. पट्टा आनाले तुम्हले येळ भेटना. साहेबले लवकर बलावाले नही भेटना.”

गाड्या कमानीच्या अलीकडं थांबल्या. काळी काच थोडी खाली झाली, वर झाली. आतला गारवा सोडून बाहेर कोण येतंय.

भाग्येश तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याला आता आप्पाही दिसत नव्हते आणि गाडीही.

“काकू, गोंदण कुठपर्यंत आहे?”

“कोपरलगून.”

“वर दंडावर काही नाही?”

तिनं टीशर्टची बाही खांद्यापर्यंत सारली. दंड कोरा होता. वर्षानुवर्षं खिचडीचं पातेलं ढवळून दगडासारखा टणक झालेला. भाग्येशनं पट्टा तिथं धरला आणि काचेवर काहीतरी लुकलुकलं. पण पट्टा मनगटाच्या मापाचा. दंडाला निम्मासुद्धा पुरेना. हात काढला की खाली घसरायचा.

“काहीतरी बांधायला पाहिजे. मऊ, पण पक्कं. नाड्यासारखं.”

इतका वेळ छगन लांब मोटारसायकलपाशी उभा होता, ह्या बाईची आपली काही ओळख नाही अशा थाटात. केळीच्या ट्रकवर घड भरणारा माणूस. बोलणं कमी. बायको भर रस्त्यात साहेबांच्या गाडीपुढं बसलीय म्हटल्यावर तो मघापासून टायरकडं बघत होता. ‘नाडा’ हा शब्द ऐकला आणि तो जिनिंगच्या भिंतीमागं गेला. परत आला तेव्हा डाव्या मुठीत पायजमा कंबरेपाशी गच्च धरलेला होता आणि उजव्या हातात पांढरा नाडा लोंबत होता.

“हाऊ घे.”

जो हशा उसळला तो पार गाड्यांपर्यंत गेला. पोलीससुद्धा हसले.

“आते तुम्ही घर कसा जाशात?” कमलबाईनं विचारलं.

“मन्ही कायजी करू नको,” छगन म्हणाला. “तू पय.”

चहाच्या टपरीवाल्यानं हसत हसत सुतळीचा तुकडा पुढं केला, आणि छगनची अब्रू वाचली.

भाग्येशनं नाडा पट्ट्याच्या दोन्ही टोकांत ओवला, दंडाभोवती फिरवून आवळला. काचेवर रेघा. रेघा. मग आकडा. मग हिरवा ठिपका.

“लागना!” तो ओरडला. पुण्याची मराठी कुठल्या कुठं पळाली. “काकू, लागना! लागना!”

कमलबाई उठली, मागची धूळ झटकली आणि रांगेत जाऊन उभी राहिली, चेतनाच्या शेजारी. साहेबांनी खाली उतरून झेंडा हलवला. भाषण त्यांनी प्रकाशाला करायचं ठरवलं, तेवढंच त्या दिवसाचं शहाणपण.

*

सुरुवातीला सगळे भसाभस पळाले. कमलबाई नाही पळाली. तिचं पळणं पातेलं ढवळण्यासारखं. एकाच लयीत, न थांबता. पोरं पुढं गेली, धुळीत दिसेनाशी झाली, आणि मग एकेक करून तिला रस्त्याच्या कडेला भेटायला लागली. कोणी लिंबाखाली बसलेलं, कोणाच्या मनगटावर लाल दिवा, कोणी पट्ट्यावर पाणी ओतून बघतोय की हिरवा होतो का.

“पट्टाले नको पाजू, तू पी!” ती जाता जाता ओरडली.

दोन्हीकडं केळीच्या बागा. उन्हानं पानं फाटून चिंध्या झालेल्या. बागेजवळून जाताना गारव्याची एक झुळूक यायची आणि लगेच रस्ता तोंडावर गरम भपका मारायचा. डांबर मऊ पडलं होतं, बूट चिकटून निघायचे. घाम येत होता तोवर ठीक. तो भुवईवर सुकून मीठ व्हायला लागला तशी तिनं पाण्याच्या टेबलापाशी तांब्या घेतला, निम्मा प्यायली, निम्मा डोक्यावर. दंडावरचा दिवा पिवळा झाला. तिनं पाय आवरते घेतले. हिरवा झाला. पुन्हा लय धरली.

मध्ये भाग्येश मोटारसायकलवर मागं बसून तिच्याजवळून गेला. मांडीवर टॅब, सगळ्यांचे आकडे त्यात. “काकू, तुमचा सगळ्यात साफ येतोय!” असं सांगून पुढं गेला. तिला उगीच बरं वाटलं.

उसाच्या रसाच्या एका गुऱ्हाळापाशी चेतना दिसली. कंबरेवर हात ठेवून चालत होती. मनगटावर पिवळा. वेणी सुटलेली.

“पिवया शे ना? सावकाश येजो,” कमलबाई म्हणाली आणि पुढं निघाली.

आता तिच्यापुढं एकही बाई नव्हती.

हे तिच्या ध्यानात आलं. नाशिकचा रस्ता कसा असेल? मोठी झाडं असतील. रंजिता गणवेशात येईल का साध्या कपड्यांत? कडेला उभी राहील. पहिल्यांदा आईला समोरून पळत येताना बघेल. बायको रोज पहाटे कुठं जाते हे गावाला सांगताना अडखळणारा छगनसुद्धा येईल, नवीन नाडा घालून.

शेवटचं वळण आलं. वळल्यावर एकदम आवाजच अंगावर आला. अख्खा प्रकाशा रस्त्यावर. पुलाच्या तोंडाशी कमान, ढोल, लाऊडस्पीकर. आणि लोकांनी तिला ओळखलं.

“अरे, काकू शे! आपली खिचडीवाली काकू!”

“पहिली शे! बायासमा पहिली!”

“पय काकू, पय!”

पारावरची सगळी तोंडं तिथं होती. इतकी वर्षं ज्यांनी टिंगल केली तेच आज टाळ्या पिटत होते. म्हातारे उठून उभे राहिलेले. शाळेतली पोरं कडेनं तिच्याबरोबर पळायला लागलेली. असं कधी झालं नव्हतं. गाव तिच्या बाजूनं कधीच नव्हतं, आज होतं.

आणि दंडावर पट्टा थरथरायला लागला.

तिनं पाहिलं. लाल.

गंमत म्हणजे तिला काहीच होत नव्हतं. चक्कर नाही, मळमळ नाही. पाय कापसासारखे हलके. उलट आतापर्यंत कधी नव्हतं इतकं बरं वाटत होतं. कमान तर अशी समोर, हात लांब केला तर लागेल.

पय काकू, पय!

भूप्यालाही असंच बरं वाटलं असेल, तिच्या मनात आलं. ह्याच जागी, हेच लोक, हाच शब्द.

कमलबाई थांबली.

थांबली म्हणजे पार थांबली. टाळ्या दोन-चार वाजल्या आणि गोंधळून विरल्या.

“काय व्हयनं वं?”

“पाय मुरगयना का?”

“पट्टा लाल व्हई गया,” तिनं सांगितलं.

“अरे, फेकी दे तो पट्टा! ती कमान दखास नही का?”

“ती शहादानी पोर उनी मांगून! पय ना!”

कोणीतरी पुढं होऊन तिच्या दंडावरच्या नाड्याला हात घातला. कमलबाईनं त्याच्या हातावर फाडकन चापट मारली.

“हात लावशी ते दख!”

रस्त्याला लागूनच एक केळीचा मळा होता. मोटर चालू होती, पाइपातून धबाधबा पाणी हौदात पडत होतं, वर लिंबाची सावली. ती लोकांमधून वाट काढत गेली आणि बुटांसकट, कपड्यांसकट हौदात उतरून बसली. गळ्यापर्यंत पाणी. लाल दिवा बुडू नये म्हणून हात तेवढा कठड्यावर.

मागून चेतना आली. मनगट हिरवं, चेहरा पांढरा. तिनं हौदाकडं पाहिलं. पाय जरासे अडखळले. “पय ना, माय! काय दखस?” कमलबाई पाण्यातून ओरडली. चेतना गेली. ढोल वाजला. लाऊडस्पीकरवर चेतनाचं नाव, मग टाळ्या, मग नाशिकचं नाव.

कमलबाईनं तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ मारत राहिली.

“इतलं रडी रडी पट्टा बांधा,” बांधावरून एकजण म्हणाला, “आनि त्या पट्टानीच बठाडी दिनी!”

“बठाडाकरताच बांधा व्हता रे!” कमलबाई म्हणाली. “पयाकरता मन्हा पाय शेतस.”

त्याच्या मागून वाट करत दगूबाई आली.

दगूबाई वर्षभर कोणाच्या दारात गेली नव्हती. आज तर ढोल ऐकू येऊ नये म्हणून घर लावून बसली असणार असंच सगळे धरून चालले होते. ती आली, हौदाच्या कठड्यावर बसली. कोणाच्या तरी हातातला तांब्या तिनं न विचारता घेतला, पाइपाखाली भरला आणि कमलबाईच्या डोक्यावर ओतला. पुन्हा भरला. पुन्हा ओतला. नजर तिच्या तोंडाकडं नव्हती, दंडाकडं होती. दगूबाईला डोळ्यांजवळ धरल्याशिवाय स्पष्ट दिसत नसे.

“आते कोनता रंग शे?”

“लाल.”

तांब्या भरला, ओतला. बांधावर माणसं उभी होती ती आपोआप मागं सरली. कोणी चप्पल काढून हातात घेतली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“आते?”

“लालच शे.”

पाणी डोक्यावरून कानांमागं, मानेवर, पाठीवर. कमलबाईला आता थंडी वाजायला लागली आणि तेव्हा कुठं कळलं की आपण किती तापलो होतो. दात वाजायला लागले. पोटात ढवळून आलं. तिनं कठडा घट्ट धरला.

“आते?”

“पिवया.”

तांब्या थांबला नाही. पुलाकडं भाषण सुरू झालं, संपलं. गाड्या सुरू झाल्या, गेल्या. ऊन सरकलं, लिंबाची सावली हौदावरून उतरून मातीवर गेली.

“आते?”

कमलबाईनं दंड तिच्या डोळ्यांजवळ नेला. “तुम्हीच दखा.”

दगूबाईनं वाकून पाहिलं. बोटानं त्या हिरव्या ठिपक्याला हळूच हात लावला.

“मंग ऊठ,” ती म्हणाली.

*

कमलबाई पुलाच्या तोंडाशी आली तेव्हा कमान आडवी पडलेली होती. मंडपवाले दोऱ्या सोडत होते, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. रस्त्यावर सरबताचे पेले, झेंडूच्या पाकळ्या. छगन कडेला मोटारसायकलवर बसून वाट बघत होता. भाग्येश पट्टे पुसून खोक्यात भरत होता. हेमराज आप्पा मंडपवाल्याशी हुज्जत घालत होते, तिला बघून पुढं आले. मग खरंच काळजीनं म्हणाले, “बरं वाटी ऱ्हायनं का तुले?”

“बरी शे. रेघ कोठे शे?”

“कसानी रेघ?”

“शेवटनी. जिथं रेस संपस ती.”

आप्पांनी रस्त्याकडं पाहिलं. चुन्याच्या फक्कीनं मारलेली रेघ साहेबांच्या गाड्यांनी आणि लोकांच्या पायांनी पार पुसून गेली होती. कुठं कुठं पांढरट डाग.

“आते कसानी रेघ, कमलबाई? संपनी रेस. बक्षीसं बी वाटाई गयात.”

“मन्ही नही संपनी.”

“अवं, पन नंबर...”

“नंबर कोन मांगी ऱ्हायनं? लाल व्हता, बठनू. हिरवा व्हयना, उठनू. तुम्हनाच नियम शे ना? मंग मी बाद नही.” ती वळली, पुन्हा थांबली. “आनि पुढला वरीस सहाले सोडज्यात. साहेब उनात नही ते झेंडा मी दखाडसू.”

आप्पा पुन्हा मंडपवाल्याकडं वळले.

टेम्पोच्या फाळक्याशी फक्कीची पिशवी पडली होती, तळाशी थोडी उरलेली. कमलबाईनं ती उचलली. रस्त्याच्या ह्या कडेला गेली, वाकली आणि मुठीनं फक्की सोडत सोडत त्या कडेला निघाली. हात ओला होता, म्हणून रेघ कुठं जाड, कुठं बारीक पडत होती. शहाद्याकडून नंदुरबारची बस आली, हॉर्न वाजवला. कमलबाईनं मान वर केली नाही. बसनं पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक. छगन मोटारसायकलवरून उतरला आणि बसपुढं जाऊन उभा राहिला.

“ए दादा, बाजूला हो ना!” ड्रायव्हर ओरडला. “काय चाललंय काय?”

“रेस चालू शे,” छगन म्हणाला.

रेघ पलीकडच्या कडेला पोचली. कमलबाईनं पिशवी झटकून ठेवली, माघारी चालत गेली, बसच्याही मागं, हौदापर्यंत. तिथून निघाली. ओले बूट पचक पचक वाजत होते. बसच्या खिडक्यांतून माणसं मान काढून बघत होती, एक बाई रिकाम्या रस्त्यानं पळत येतेय, पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही. भाग्येश खोकं तसंच टाकून उभा राहिला होता. टाळी कोणी वाजवली नाही. मंडपवाल्यांनी तेवढ्यापुरती दोरी हातात धरून ठेवली.

ती रेघेवरून गेली.

कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली. बस निघाली, तिच्या चाकांनी ओली फक्की उचलली आणि तापीच्या पुलावर पार मधोमधपर्यंत पांढरे ठसे उमटत गेले.